माणसाच्या चालीची गाडी

नागापूर,
३ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप नाना,

नमस्कार. घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही फोन ठेवला तो ठेवलाच. मोबाईलवर टाइप करणं म्हणजे वाक्यांचे हातपाय तोडणं, असं तुम्ही मला पाटीवर लिहून दाखवलं होतं. म्हणून हा कागद. तुमच्या शेजारचा कल्याण रोज कंपनीच्या बसने राहुरीहून इथे एमआयडीसीत येतो, त्याच्या हाती देतेय. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

दोन गोष्टी आहेत. वाईट आधी सांगते. श्रावणात आण्णांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. साखर. अंगठ्याला जखम झाली आणि ती वर चढत गेली. आता कृत्रिम पाय बसवलाय, घरातल्या घरात काठीशिवाय फिरतात. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "नाना येतील आन् भाषण करतील." मी म्हटलं, "अहो आण्णा, त्यांचा आवाज गेलाय." म्हणाले, "तरी करतील."

शपथ मी मोडली. पुढची तुम्ही सांभाळा. तुम्हाला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्या अँबॅसेडरची. तुमचे दौरे थांबल्यापासून ती मिरजगावला पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. रोज सकाळी आण्णा ड्रायव्हरच्या जागी बसायचे, दार उघडं ठेवून, फडक्याने स्टिअरिंग पुसायचे. पाय गेल्यापासून बसतात, पण पुसत नाहीत. मला ते बघवेना. गाडी मी ट्रकवर घालून माझ्या वर्कशॉपला आणली. अपघातात निकामी झालेल्या एका मोठ्या जीपचं डिझेल इंजिन मिळालंय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट. त्याला क्लच नसतो. एकटा उजवा पाय पुरतो. आण्णा पुन्हा चालवतील. मला एवढंच हवंय.

अडचण मागच्या बाजूला आहे. नवं इंजिन जुन्याच्या तिप्पट पीळ, म्हणजे चाक फिरवायचं बळ, देतं. तो सगळा पीळ मागच्या डिफरन्शियलमध्ये जातो आणि तिथून दोन चाकांना. जुनं डिफरन्शियल हे सोसणार नाही, चढावर पहिल्याच झटक्याला दात उडतील. तीन वाटा आहेत. जुन्यालाच मजबूत दांडे घालायचे. किंवा त्या जीपचंच मागचं डिफरन्शियल घ्यायचं, जे रुंदीला जास्त भरतं. किंवा मालवाहू पिकअपचं बसवायचं, जे आपल्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर जवळजवळ जसंच्या तसं बसतं. मी तिसऱ्याकडे झुकलेय.

तुमच्याकडून फक्त सही हवी. इंजिन बदलाच्या कागदावर मालकाची सही लागते, आणि तुम्ही आण्णांना चावी दिलीत, कागद तुमच्याच नावावर राहिला. कागद सोबत आहे.

तुमची,
ज्ञानेश्वरी


राहुरी,
६ नोव्हेंबर

चिरंजीव ज्ञानेश्वरी,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी उठलो, अंगणात गेलो आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. घसा गेल्याचं दुःख मला इतके दिवस झालं नव्हतं, त्या दिवशी झालं. सूर्यभानचा पाय जातो आणि मला ते दिवाळी उलटल्यावर कळतं. बत्तीस वर्षं या माणसाने मला गावोगाव नेलं. पाथर्डीच्या उघड्या माळावर दगडफेक झाली तेव्हा काच त्याच्या कपाळात घुसली आणि त्याने गाडी थांबवली नाही, कारण मी वाक्याच्या मध्यावर होतो. आणि त्याला भीती कशाची, तर माझ्या भाषणाची.

शपथ सांभाळतो. सध्या.

सही मात्र करत नाही. रागावू नकोस, पुढे वाच. ती गाडी माझी नाही आणि तुझ्या बापाचीही नाही. पाणी सर्वांना सारखं मिळालं पाहिजे, एवढ्या एका वाक्यासाठी लोकांनी वर्गणी काढून ती चळवळीला दिली. तिच्या टपावरच्या कर्ण्यातून ते वाक्य शेकडो गावांनी ऐकलं. तिचं काळीज काढून दुसरं घालायचं तर काय घालतेयस ते मला समजलं पाहिजे. न समजता सही करणाऱ्या माणसांविरुद्ध मी आयुष्य घालवलं.

मागच्या भागाबद्दल माझं मत सरळ आहे. असेल ते सगळ्यात बळकट घाल. पिकअप कशाला, ट्रकचं घाल. अर्धवट उपाय हा शत्रूपेक्षा वाईट. शत्रू समोर तरी उभा असतो.

पण आधी एक सांग. हे डिफरन्शियल नेमकं करतं काय? मी इतकी वर्षं त्याच्यावर बसून फिरलो. निजामशाहीत नगरला पाणी खापरी नळांनी यायचं, जमिनीखालून, कुणाला न दिसता. त्या नळांवर मी तासतास बोललोय. आणि माझ्याच बुडाखाली काय फिरत होतं ते कधी वाकून पाहिलं नाही.

तुझा,
विष्णुनाना


नागापूर,
९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप नाना,

सहीसाठी कागद पाठवला आणि अग्रलेख परत आला. कल्याण म्हणाला, "ताई, पाकीट जड हाय." मी म्हटलं, असणारच.

सांगते. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक मोठ्या गोलावरून जातं, आतलं लहान गोलावरून. वेळ दोघांना सारखा, वाट वेगळी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की बांधली तर वळणावर एकाला फरफटत जावं लागेल. टायर घासतील, दांडा पिळवटेल, गाडी वळायलाच तयार होणार नाही. म्हणून मध्ये हे चार लहान दातेरी चाकांचं घरटं असतं. इंजिनाकडून येणारी ताकद ते दोन्ही चाकांना सारखी वाटतं. वेग मात्र ज्याचा त्याने घ्यायचा. बाहेरच्याला जास्त धावायचंय तर धावू देतं, तेवढंच आतल्याचं कमी करतं. सरळ रस्त्याला आलं की दोघं पुन्हा बरोबरीने. ह्यात ना वीज, ना कॉम्प्युटर. नुसते दात.

आता तुमच्या ट्रकबद्दल. ट्रकचं डिफरन्शियल तुटणार नाही हे खरं. पण ते आपल्या गाडीखाली घातलं तर मागचा भाग इतका जड होईल की पाटे बसतील, प्रत्येक खड्ड्यात आण्णांचा कणा हलेल. शिवाय ताकद कुठेतरी जाणारच. मागचं अजिबात तुटणार नाही असं केलं तर ती दुसरी जागा शोधेल. गिअरबॉक्स फोडेल, नाहीतर चासीला चीर पाडेल. गरज आहे त्याहून थोडं बळकट, एवढंच बरोबर असतं. हे तुम्हाला पटणार नाही, कारण तुम्हाला थोडं काहीच आवडत नाही.

कागदावर नाही पटणार. इथे या. कल्याणच्या बसमध्ये जागा असते. तुम्हाला तुमच्या हाताने फिरवायला देते.

ज्ञानेश्वरी


राहुरी,
१७ नोव्हेंबर

चिरंजीव ज्ञानेश्वरी,

काल परत आल्यापासून माझी पाटी जवळजवळ कोरीच आहे. सूनबाई सुचित्रा विचारत होती, बरं नाही का? मी लिहिलं, बरं आहे, पाहून आलोय. तिने विचारलं, काय? मला लिहिता येईना. आता प्रयत्न करतो.

तू ते पिकअपचं डिफरन्शियल लोखंडी घोड्यांवर ठेवलं होतंस, दोन्ही बाजूंना चाकं लावून, इंजिनाकडून येणारा मधला दांडा शिकंज्यात पकडून. म्हणालीस, "नाना, डावं चाक पुढे फिरवा." मी फिरवलं. आणि पलीकडचं चाक, ज्याला कुणाचा हात लागला नव्हता, तेवढंच मागे फिरलं. मी थांबलो, तेही थांबलं. मी हळू केलं, तेही हळू झालं. चाकाच्या पलीकडे कुणी माणूस बसलाय का म्हणून मी वाकून पाहिलं, आणि तुझे कामगार हसले. हसू देत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन मी इतका खराखुरा चकित फार थोड्या वेळा झालोय.

मग तू दांडा सोडलास आणि तो फिरवलास, आणि दोन्ही चाकं एकत्र पुढे निघाली. मग एका चाकाला मी नुसता तळवा टेकवला. त्याचा वेग कमी झाला, दुसऱ्याचा तेवढाच वाढला. दांड्याचा वेग तोच राहिला. कुणाचं काही बुडालं नाही, कुणाला फुकट काही मिळालं नाही.

पोरी, ताकद सर्वांना सारखी आणि वेग ज्याच्या त्याच्या वाटेप्रमाणे, हे वाक्य तू पत्रात सहज लिहून गेलीस. मी बत्तीस वर्षं हेच सांगत होतो आणि लोक म्हणायचे की हे स्वप्न आहे, जगात असं काही चालत नाही. चालतं. मी ज्या गाडीत बसून ते ओरडत होतो त्याच गाडीच्या पोटात ते चालत होतं, तेलात बुडून, गुपचूप. मी बोलत होतो आणि ते करत होतं.

आणि आपल्या गाडीच्या चाकाचा तो जुना दांडा. तू पुसून माझ्या हातात दिलास तेव्हा मला वाटलं, त्याच्यावर मुद्दाम नक्षी कोरलीय. तू म्हणालीस, नाही, टोकाचे हे दात एके काळी सरळ होते, वर्षानुवर्षांच्या ओढीने पोलादाला पीळ पडलाय. सुतळीसारखा पीळ. पोलादाला. आणि सगळा एकाच दिशेचा, पुढे जाण्याच्या. तो दांडा मी मागून आणला ते बरं केलं. माझ्या पुस्तकांच्या कपाटात तो आडवा ठेवलाय. त्याच्या शेजारच्या ग्रंथांनी आता जरा संभाळून बोलावं.

सही केली आहे. पिकअपचंच घे. माझा ट्रक मी मागे घेतो.

तू म्हणालीस की पिकअपच्या डिफरन्शियलला एक दोष आहे: ओझं ओढायला बनवल्यामुळे ते चाक फार सावकाश फिरवतं, म्हणून आतली दातेरी जोडी बदलून तू वेगाची घालणार आहेस, म्हणजे हायवेला गाडी आरामात पळेल. घाल. सूर्यभानला पळू दे. पाय गेलेल्या माणसाला वारा लागला पाहिजे.

जाता जाता, मी त्यालाही एक पत्र टाकलंय. घाबरू नकोस. शपथ मोडलेली नाही. फक्त डिफरन्शियलचं वर्णन केलंय.

तुझा,
विष्णुनाना


मिरजगाव,
२५ नोव्हेंबर

नानांना सूर्यभानचा रामराम.

पत्र पोचलं. चार पानं हाईत. दोन दिस वाचतोय. डिफरन्सल कसं चालतं ते तुमी मला समजावताय. मी ते सात येळा खोललंय, तुमी हाटेलात च्या पीत असताना.

शेवटच्या पानावर तुमी लिवलंय, "आता सगळी भिस्त तुझ्या उजव्या पायावर." तवा कळलं की पोरीनं सांगितलंय. तिला काय म्हनायचं न्हाई. तुमाला म्हनतो. माझा पाय साखरेनं गेलाय. त्याच्यावर भाषण करू नका. घसा न्हाई तरी कागदावर कराल, मला म्हाईत हुतं. केलंच.

आता कामाचं. पोरगी वेगाची जोडी घालायला निघालीय म्हनं. तिला कुनी सांगितलं मला पळायचंय? नाना, आपली गाडी कधी पळाली हुती का? गावाच्या शिवेपर्यंत यायची रस्त्यानं. पन तिचं खरं काम शिवंच्या आत. कर्ना चालू, तुमी माईकवर, आन् गाडी मानसाच्या चालीनं. म्हातारी बाई संगं चालली पायजे, दाराशी हात पुसत आलेली बाई ऐकली पायजे. एक घर मागं जाईस्तोवर तुमचं एक वाक्य पुरं झालं पायजे. तुमची वाक्यं लई लांब. पयल्या गिअरातबी गाडी मानसाफुडं जायची. मग मी क्लच अर्धा दाबून धरायचो. ना जोडलेला, ना सुटलेला. तासभर, दोन तास. वाक्य लांबलं की आनखी दाबायचो, तुमी श्वास घेतला की जरा सोडायचो. तुमाला कधी एक झटका बसला का? सांगा. असा अर्धा क्लच अख्ख्या जिल्ह्यात कुनी धरत न्हवता.

पिकअपचं डिफरन्सल सावकाश फिरतंय ते चांगलं हाय. तो दोष न्हाई. तेवढ्यासाठीच घ्यायचं. तिला सांगा, मी सांगून ऐकायची न्हाई, इंजिनेर हाय.

तुमाला बरं वाटत आसंल तर या. लांबण लावू नका म्हंजे झालं.

सूर्यभान


राहुरी,
३० नोव्हेंबर

चिरंजीव ज्ञानेश्वरी,

सूर्यभानचं पत्र सोबत ठेवतोय. आधी ते वाच, मग माझं. आतली जोडी बदलू नकोस. काम सुरू झालं असेल तर थांबव.

शपथ माझ्याकडून मोडली. एका वाक्यात मोडली, आणि त्या वाक्याची मला फार चव लागली होती म्हणून ते खोडवलं नाही. चाळीस वर्षांचं व्यसन आहे.

ते पत्र मी कितीदा वाचलं ते विचारू नकोस. मला आठवतं ते असं: चौक, वर कर्णा, समोर माणसं, आणि माझं बोलणं पाण्यासारखं वाहतंय. लोक म्हणायचे, नानांची वाक्यं कधी अडखळत नाहीत. मलाही ती माझीच देणगी वाटायची. वाचनाची, घशाची, विचाराच्या बळाची. खाली एक पाय होता, हे मला माहीत नव्हतं. माझं वाक्य लांबलं की तो दाबला जायचा, मी श्वास घेतला की सैल व्हायचा. मी जी लय माझी म्हणून मिरवली ती आम्हा दोघांची होती. बत्तीस वर्षं एक माणूस पाठमोरा बसून माझं बोलणं पायाने ऐकत होता, आणि असं ऐकणं मला कुठल्याही सभागृहात मिळालं नाही.

मला यात अपराधी वाटतं असं समजू नकोस. वाटलं, तर तो मला हाकलून देईल. मला वाटतं ते वेगळं आहे. वेरूळला डोंगर आतून कोरलेला पाहताना माणूस बोलायचा थांबतो ना, तसं. तिथे निदान कोरणाऱ्याची छिन्नी कुठेतरी दिसते. इथे काही उरलं नाही. रस्ते डांबराचे झाले, पाय गेला, आवाज गेला. आणि तरी ते घडलं होतं, रोज.

पिकअपचं डिफरन्शियल जसं आहे तसं घाल. जिला तू दोष म्हणालीस, तीच गाडीची चाल आहे.

विष्णुनाना


नागापूर,
१९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप नाना,

फार दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण हात तेलात होते.

आण्णांचं पत्र वाचल्यावर आधी मला रागच आला. मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, "हे मला का नाही सांगितलंत? तुमच्यासाठीच करतेय ना?" तर म्हणाले, "तू इचारलं न्हाईस. तू म्हनलीस आण्णा, मस्त पळवू." खरं आहे. मी त्यांना पाय परत देत होते आणि कुठे जायचंय ते विचारलंच नव्हतं.

वेगाची जोडी दुकानदाराला परत केली. पिकअपचं डिफरन्शियल आतून न उघडता बसवलं, फक्त तेल आणि सील नवं. मग हिशेब केला आणि वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसून राहिले. आपल्या जुन्या डिफरन्शियलमध्ये दांडा जितक्या वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं, ह्या पिकअपचं जवळजवळ तेवढंच आहे. बळ तिप्पट, चाल तीच. मी तीन वाटा मांडून, वजनं आणि रुंद्या मोजून जिथे पोचले, तिथे आण्णा खाटेवर बसून आधीच पोचले होते.

अजून एक ऐका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा एक स्वभाव असतो. इंजिन चालू करून गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला की एक्सलरेटर न दाबताच गाडी आपणहून सरकू लागते. वेगाची जोडी घातली असती तर माणूस धापा टाकत मागे राहिला असता. ह्या जोडीने किती वेगाने सरकते ते बघायला मी गाडी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर घेतली आणि कल्याणला म्हटलं, तू शेजारून चाल. तो चालला. तंबाखू मळत चालला. एकदाही पाय उचलावा लागला नाही त्याला, एकदाही मागे पडला नाही. म्हणजे जो अर्धा क्लच आण्णा धरत होते तो आता गाडीच धरते.

चढावर मुद्दाम झटके देऊन पाहिलं. मागून एक आवाज नाही. आरटीओची तपासणी झाली, आण्णांची चाचणी झाली. अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, "काका, जमेल ना?" आण्णा म्हणाले, "तुमी बसा संगं." ते बसले. उतरताना म्हणाले, "फार हळू चालवता हो." आण्णांना त्याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी देऊ शकलं नसतं.

रविवारी गाडी मिरजगावला पोचवते. मी लगेच परत येणार, एका ट्रकचा गिअरबॉक्स खोलून ठेवलाय. तुम्ही तिथे जा आणि काही दिवस राहा. आण्णा बोलावतील असं समजू नका. त्यांनी खाट मात्र दुसरी टाकलीय.

तुमची,
ज्ञानेश्वरी


मिरजगाव,
३१ जानेवारी

चिरंजीव ज्ञानेश्वरी,

हे पत्र पोस्टाने येईल; इथे कल्याण नाही.

काल फेरी झाली. गावतळ्यातला गाळ काढायचं चाललंय आणि बुधवारी त्या कामाला माणसं हवीत. सरपंच आप्पासाहेब म्हणाले, मोबाईलच्या ग्रुपवर टाकलंय. सूर्यभान म्हणाला, "टाका की. मी गाडी काढतो." जुना कर्णा त्याने शेडमध्ये पोत्यात गुंडाळून ठेवला होता. तो टपावर बांधला, माईक जोडला. मी रात्री जागून दोन पानं लिहिली होती. पाण्याच्या समान हक्कापासून सुरुवात करून गाळापर्यंत आलो होतो. बोलणार कोण, हे मात्र ठरवलं नव्हतं. मला वाटलं, शाळेतल्या एखाद्या मास्तरांना सांगू.

मी माझ्या जागी बसलो, तो त्याच्या. त्याने गिअर टाकला, ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी निघाली. ज्ञानेश्वरी, मी तुला काय सांगू. तीच चाल. मी डोळे मिटले असते तर सांगितलं असतं की हे साल एकोणीसशे नव्वद आहे. घरं तशीच, एकेक करून, मागे जाऊ लागली. कर्णा गप्प होता, तरी पहिल्याच गल्लीत लंकाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. बाई आता ऐंशीच्या असतील. त्यांनी चालता चालता खिडकीच्या काठावर हात ठेवला, पूर्वी ठेवायच्या तसाच, आणि विचारलं, "आज काय हाय?"

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

सूर्यभानने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला एक गोष्ट जाणवली. मी ती त्याच्या चेहऱ्यावर पाहिली. त्याचा डावा हात मोकळा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, फेरी चालू असताना, गिअरच्या दांडीवर त्याचा हात नव्हता. त्या हाताने त्याने माझ्या मांडीवरचा माईक उचलला. बत्तीस वर्षांत त्याने त्या माईकला फक्त पुसलं होतं.

तो म्हणाला, "मिरजगावकर, मी सूर्यभान बोलतोय. ड्रायव्हर. नाना शेजारी बसल्यात. त्येंनी दोन पानं लिवून दिल्यात. माझा चष्मा घरी राहिलाय. बुधवारी सकाळी तळ्याव या. घमेलं घेऊन या. पानी सगळ्यांचं हाय तर गाळबी सगळ्यांचाच हाय."

माझी दोन पानं. मी त्यांची घडी केली आणि खिशात ठेवली. त्यात हेच होतं, फक्त ते शोधावं लागलं असतं.

लंकाबाई म्हणाल्या, "अगं बया. इतकी वर्सं ड्रायव्हरला आवाज हुता आन् आमाला ठावच न्हाई." पोरं हसली, बायका दारात आल्या, माणसं गाडीमागून चालू लागली. त्याने ते पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. त्याचं वाक्य इतकं आखूड की एका घराला दोनदा बसतं. गाडी जरा पुढे काढली असती तरी चाललं असतं. त्याने काढली नाही.

शाळेपाशी गाडी वळली तेव्हा मी पायाखालच्या पत्र्यावर तळवा टेकवला. मला खाली काही दिसत नव्हतं. पण बाहेरचं चाक आता धावत असेल आणि आतलं तेवढंच थांबत असेल, आणि कुणालाही फरफटावं लागत नसेल, हे मला माहीत होतं. एवढं माहीत असलेला मी त्या गाडीत पहिल्यांदाच बसलो होतो.

आणि तेव्हाच मला दिसलं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात, सूर्यभानचा डावा गुडघा वर येत होता. खाली क्लच नाही. पाऊल नाही. गुडघा मात्र यायचा, थांबायचा आणि हळूच खाली जायचा. मी पाहत राहिलो. मला वाटलं, आता याच्यावर काही लिहिलं पाहिजे, मोठं काहीतरी.

तेवढ्यात त्याने माईक बाजूला केला आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "नाना, तुमीबी परत्येक चौकात तोंड उघडताय. मिटा. धूळ जातीय."

तुझा,
विष्णुनाना